शेवटपर्यंत पाह्यलं का?

दशरथ, तुझी तेरवी अजून व्हायची आहे आणि मी इथं तुझ्यावर संशय घेऊन बसलो आहे. गेलेल्या माणसावर संशय घेऊ नये म्हणते आमची ही. मी म्हटलं, जिता होता तेव्हा घेतला, आता कावून सोडू? माणूस गेला म्हणजे लगेच सरळ होते का? ती चूप बसली. तुझी बाजू घ्यायची असली की ती अशीच चूप बसते, तुले माहीत आहे.

जे तुले माहीत आहे तेच पुन्हा सांगतो, कारण लिहाले बसलो तं नीट लिहिलं पाह्यजे. भिलाईच्या स्टील प्लांटात मी वर होतो, क्रेनच्या केबिनात. तू खाली होता, प्लेटांच्या यार्डात, प्लेटा लावून घेणारा खलासी. माझ्या क्रेनले हूक नव्हता, हा एवढा मोठा चुंबक होता. आपण त्याले मॅग्नेट म्हणत होतो. करंट चालू केला की लोखंडाची प्लेट चिकटून वर येते, करंट बंद केला की सुटते. त्या आवाजात कोणाचा शब्द कोणाले ऐकू येत नव्हता, म्हणून तू खालून हातानं सांगे आणि मी वरून तसं करत होतो. बोट खाली करून फिरवलं म्हणजे उतरव. पंजा आडवा हलवला म्हणजे थांब. एका हाताच्या वर दुसरा हात धरला म्हणजे हळू घे. सगळ्या खुणा तुझ्या. माझी खूण एकच होती. करंट बंद केला की मी दोन्ही हात बाजूले पसरून तळवे वर करत होतो. म्हणजे मॅग्नेट बंद आहे, आता जवळ ये. ती खूण दिसल्याशिवाय खालच्या माणसानं प्लेटीले हात लावायचा नाही, असा नियम होता.

ती हाताची सवय रिटायर झाल्यावरही आपली सुटली नाही. सुपेल्याच्या चौकात मी स्कूटर मागं घेत असलो की तू पानाच्या टपरीजवळून हात दाखवे, ये, ये, अजून ये, थांब. भाजीवाल्या बाया हसत. तुझ्या पोरीच्या लग्नात मी पंगतीत वरण वाढून राहिलो होतो आणि तू मांडवाच्या पार त्या टोकाले उभा. नवरदेवाकडचा एक अकडू म्हातारा बसला होता, त्याच्याजवळ मी आलो तं तू तिकडून बोट खाली फिरवलं. उतरव. मी उतरवलं. तुझं बोट फिरतच होतं. मी उतरवत गेलो. वरण पत्रावळीच्या बाहेर निघून म्हाताऱ्याच्या धोतरापर्यंत चाललं तेव्हा तू पंजा हलवला. वहिनीनं आपल्या दोघांले मांडवाच्या मागं नेऊन झापलं, आणि आपण लहान पोट्ट्यांसारखे मान खाली घालून हसत होतो.

आणि ते बोट. तुझ्या उजव्या हाताचं पहिलं बोट. मी प्लेट उतरवली होती, पण करंट चालू होता आणि प्लेटीचा एक काठ अजून टेकला नव्हता. तू खालची लाकडी पट्टी सरळ कराले हात घातला. मी करंट बंद केला. काठ खाली आला. बस, एवढंच झालं. अर्धं बोट गेलं.

तू म्हणे, वामननं खूण देली म्हणून मी हात घातला. मी म्हणत होतो, मी खूण देली नाही. माझ्या डाव्या मनगटाले निळ्या चौकड्याचा रुमाल राहत होता. केबिनात गरमी अशी की घाम सरळ डोळ्यात उतरे, म्हणून मनगटानंच कपाळ पुसायचं. खालून माझे हात कमी आणि तो निळा रुमालच जास्त दिसते, हे तूच सांगितलं होतं. 'रुमाल हलला, मी माझ्या डोळ्यानं पाह्यला,' हे तुझं. 'हलला असन, घाम पुसला असन, घाम पुसणं म्हणजे खूण देणं नाही,' हे माझं. चौकशी झाली तेव्हा साहेबासमोर तू माझं नाव घेतलं नाही आणि मी तुझं घेतलं नाही. पण आपल्या सेक्टरातल्या पुलियावर, नाल्याच्या त्या कठड्यावर, चहा पिता पिता आपण तेच भांडण काढत होतो. बाकीचे म्हातारे पत्ते काढत, आपण हे काढत होतो. कधी हसून, कधी हसल्याशिवाय.

त्यानंतर साहेबानं मले विचारलं होतं, दुसरा खलासी देऊ का, याचं बोट आता नीट दिसत नसन. मी म्हटलं, नको, याचं अर्धं बोट मले दुसऱ्याच्या पूर्ण बोटापेक्षा जास्त समजते. हे मी तुले कधी सांगितलं नाही. तुले डोक्यावर चढाले वेळ लागत नव्हता.

उन्हाळ्यात तू पुलियावर आला आणि म्हटलं, मी व्हिडिओत आलो. पल्लवीच्या व्हिडिओत. तुझी नात, कॉलेज झालेली, घरी मराठी बोलता बोलता मधूनच हिंदीत घुसणारी पोट्टी. ती रॅप करते हे मले माहीत होतं, रॅप म्हणजे काय हे माहीत नव्हतं. मी म्हटलं, 'ते तालावर भांडतेत, तेच ना?'

'तेच,' तू म्हटलं, 'फक्त समोरचा माणूस दिसत नाही.'

त्यात तिचं नाव पल्लवी नाही, 'भट्टी' आहे, असंही तू मोठ्या तोऱ्यात सांगितलं. मी म्हटलं, अबे, भट्टी म्हटलं की लोकायले दारूची आठवण येते. तू म्हटलं, लोकायले नाही, तुले येते. सगळा पुलिया हसला. मीही हसलो, पण मनात म्हटलं, हा आज एवढा खुश कावून आहे? तू असा खुश असला की माझा हात आपोआप ब्रेकवर जाय.

घरी येऊन मोबाइलवर लावला. पहिले धूर. धुरातून ठिणग्या. मग पल्लवी, काळ्या हुडीत, गळ्यात जाड लोखंडी साखळी, कॅमेऱ्याकडं अशी पाहून राहिली जशी कॅमेऱ्यानं तिचा नळ बंद केला. तिच्या मागं चार-पाच पोट्टे हाताची घडी घालून, वऱ्हाडातल्या रुसलेल्या पाहुण्यांसारखे. मग तू. लोखंडी खुर्चीवर, पाय फाकवून, राजासारखा. इथपर्यंत मले मजा आली. मग एकदम बाजा थांबला आणि कॅमेरा तुझ्या हातावर आला. पूर्ण स्क्रीनभर ते अर्धं बोट. आणि मागून पोट्टी म्हणते, 'लोहा गढ़ते-गढ़ते हाथ आधा रह गया, नीचे वाला चुप रहा, ऊपर वाला कह गया.'

मी तिथंच बंद केला. वर कोण होतं, दशरथ? वर मी होतो.

दुसऱ्या दिवशी पुलियावर मी बसायच्या आधीच विचारलं. 'कोणाले दाखवून राहिला तो हात?'

'सगळ्यायले. माझा हात आहे.'

'आणि वर कोण बसला होता, हे बी सांगितलं का पोट्टीले?'

तू चहाचा ग्लास खाली ठेवला. माझ्याकडं पाह्यलं. मले वाटलं आता भांडशील, पण तू एवढंच म्हटलं, 'शेवटपर्यंत पाह्यलं का?'

'नाही.'

'मग पाहा ना, वामन. शेवटपर्यंत पाहा.'

मी म्हटलं, हं, समजलं. व्ह्यू वाढवाले सांगून राहिला. अर्धा पाहून सोडला तं त्यायचं नुकसान होते, असं मले कोणीतरी सांगितलं होतं. मी उठून आलो. वाटलं, हा माझ्या अब्रूचा तमाशा करते आणि वरून मलेच तिकीट विकते.

पुलियावर येणं मी कमी केलं. व्हिडिओ पाहणं मात्र कमी केलं नाही. दुपारी जेवण झालं की लावायचा, सुरुवातीपासून त्या हातापर्यंत, आणि बंद. शिफ्ट सुरू व्हायच्या आधी मी क्रेन तपासत होतो ना, ब्रेक, दोर, घंटी, एकेक करून, तसा मी तो व्हिडिओ तपासला. क्रेनवाल्याले संशय नसला तं कोणाचा तरी जीव जाते. मी रिटायर झालो, संशय झाला नाही.

आणि काय काय निघालं सांगू? ते प्लांट नव्हतंच. सुपेल्यातलं कोणाचं तरी ग्रिलचं वर्कशॉप होतं. ठिणग्या भट्टीच्या नाही, ग्राइंडरच्या. तुझ्या खुर्चीच्या मागं बाल्कनीची जाळी उभी होती, तिच्यात पिसारा फुलवलेला मोर. स्टील प्लांटात मोर कुठून आला, बाप्पा? मागचे पोट्टेही आपल्या सेक्टरातले नाही. एक जामुलचा, त्याच्या बापाले मी ओळखतो, सिमेंटवाला. एक नंदिनी नगरचा. गाण्यात 'मेरी गली, मेरे लोग' आणि लोक सगळे बसनं आणलेले. भिलाईच्या मे महिन्यात अंगात हुडी. कॅमेरा प्रत्येक वेळी खालून, जमिनीजवळून. माणूस खालून दाखवला की मोठा दिसते, एवढं मले समजलं. मी जिंदगीभर माणसं वरून पाह्यली, वरून सगळे हेल्मेटाएवढे असतेत.

आणि तुझी सायकल. ती चेनपुलीले टांगून हवेत लटकवली होती आणि पल्लवी तिच्याखाली उभी राहून हातवारे करे. या सायकलीनं माझी झोप उडवली. टांगली म्हणजे काय? दशरथचं सगळं लटकवून ठेवलं, आणि ज्यानं लटकवलं तो वर बसला आहे, असंच ना? मी आमच्या हिले दाखवलं. ती म्हणे, मले तं सायकल दिसते. मी म्हटलं, तुले काहीच दिसत नाही.

तू एकदा आमच्या फाटकापर्यंत आला. हातात तुझ्या क्वार्टरच्या झाडाच्या शेवग्याच्या शेंगा. मी आतूनच म्हटलं, ये. तू आला नाही. फाटकावरच शेंगा ठेवल्या आणि विचारलं, 'शेवटपर्यंत पाह्यलं का?'

'माझ्याजवळ तेवढा डेटा नाही.'

तू हसला. तो तुझा खालचा ओठ बाहेर काढून हसायचा प्रकार, ज्याच्यानं मले नेहमी वाटे की याले काहीतरी माहीत आहे आणि हा सांगून नाही राहिला. मग गेला. शेंगा मी खाल्ल्या. व्हिडिओ तसाच ठेवला.

पोळा झाल्यावर एका सकाळी तुझा मुलगा आला आणि म्हणाला, काका, बाबा गेले. मी म्हटलं, कुठं? पाहा, किती भैताड आहे मी. त्याले दारात उभं करून विचारलं, कुठं गेले.

मी आलो तेव्हा तुझा उजवा हात चादरीच्या बाहेर होता. लोक पायाले हात लावून राहिले होते आणि मी त्या अर्ध्या बोटाकडं पाहून राहिलो होतो. मले खूप रडू आलं, दशरथ. आणि खूप राग आला. भांडण अर्धं टाकून असं उठून जाते का कोणी? उद्या कोणाशी बोलू मी हे? पत्तेवाल्यांशी?

दहाव्याचं शिवनाथ नदीवर करून परत आलो तं तुझ्या क्वार्टरच्या समोरच्या खोलीत मी बसून राहिलो. बाकीचे पांगले. पल्लवी चहा घेऊन आली. हुडी नाही, साखळी नाही, साधा सुती सलवार-कुर्ता आणि रडून सुजलेले डोळे. ती वेळ नव्हती विचारायची, मले समजते. पण मी चहा खाली ठेवला आणि विचारलं.

'बेटा, तुझ्या त्या गाण्यात वर कोण आहे?'

'वर? मतलब?'

'ऊपर वाला कह गया. तो कोण?'

ती विचारात पडली. 'साहब लोग, आजोबा. ऑफिसवाले. चूक झाली की कागदावर वरचे लोकच लिहितात ना, नीचे वाला चुपच राहते. और सच बोलू? रह गया के साथ काही जुळतच नव्हतं. तो कह गया डाल दिया.'

'माझ्यावर नाही?'

'तुमच्यावर कावून?'

मी तिच्या डोळ्यात पाह्यलं. पूर्ण विश्वास ठेवला नाही, अर्धा ठेवला. मग म्हटलं आता बसलोच आहे तं सगळंच विचारून घेतो. धूर कावून? हुडी कावून? बाहेरगावचे पोट्टे कावून? पोट्टी आधी चिडली, मग तिले वाटलं असन की म्हाताऱ्याले खरंच समजून घ्यायचं आहे. माझ्याजवळ खाली बसली.

'आजोबा, याचा एक तरीका असते. जसं लग्नात अंतरपाट लागतेच, कोणी विचारत नाही कावून, वैसे इसमें भी कुछ चीज़ें लगती ही हैं. धूर लागते. खालून कॅमेरा लागते. मागं आपले लोक लागतात, मग ते जामुलचे का असेनात, दोस्त आहेत ना माझे. एक मोहल्ल्यातला बुजुर्ग लागते खुर्चीवर. हे सगळं ठेवायचं, और उसके अंदर अपना डालना. सगळे सोन्याची चेन घालतात, मी चेनपुलीची घातली. सगळे मोठ्या गाडीसमोर उभे राहतात. आपल्याकडं गाडी कुठं आहे? म्हणून आबाजीची सायकल वर टांगली, सबसे ऊपर, की ये देखो, ही आमची गाडी.'

मले सायकलीचं हे सुचलंच नव्हतं. मी तिले इतके दिवस फाशी समजून राहिलो होतो.

'आणि मोर?'

'मोर गलती से आ गया,' ती म्हणाली, आणि तुझ्यासारखा खालचा ओठ काढून हसली, आणि हसता हसता तिले रडू आलं. मले तिच्या डोक्यावर लगेच हात ठेवता आला असता. मी ठेवला, पण थोडा उशिरा.

मग डोळे पुसून ती म्हणाली, 'पण शेवटचा तं तुमचाच आहे ना?'

'कोणता शेवटचा?'

ती माझ्याकडं पाहतच राहिली. 'तुमी शेवटपर्यंत नाही पाह्यलं?'

तिनं माझाच मोबाइल घेतला आणि पुढं सरकवला. गाणं संपलं. नावं आली. मग स्क्रीन काळी झाली. मी म्हटलं, संपलं. ती म्हणाली, रुका. आणि पुन्हा उजेड आला. बाजा नाही, धूर नाही, पोट्टे नाही. वर्कशॉपच्या माळ्यावर जाणारा लोखंडी जिना, आणि त्याच्या पार वर, कठड्याजवळ तू. कॅमेरा खाली जमिनीवर. तुझ्या डाव्या मनगटाले निळ्या चौकड्याचा रुमाल.

तू मनगटानं कपाळ पुसलं. हात खाली घेतला. जरा थांबला. मग दोन्ही हात बाजूले पसरले आणि तळवे वर केले. तसाच उभा राहिला. स्क्रीन काळी झाली.

ही खूण तुझी नव्हती, दशरथ. ही माझी होती. इतकी वर्षं मी ती वरून देली आणि खालून कधी पाह्यली नाही. पहिल्यांदा मले समजलं की खालून मी कसा दिसत होतो. आणि खरं आहे तुझं, हात कमीच दिसतात. रुमालच दिसते.

व्हिडिओच्या खाली लोकायनं काय काय लिहिलं होतं. एक म्हणे, दादाजी का स्वैग. दुसरा म्हणे, वर पाहून दुवा मागून राहिले. मी पल्लवीले विचारलं, हे कोणी कराले सांगितलं त्याले?

'कोणीच नाही. आमी तं त्यांच्यासाठी लाल बँडाना आणला होता, डिझाइनवाला. आबाजीनं हातही नाही लावला. स्वतः सुपेल्यात फिरून हा निळा रुमाल शोधून आणला. मैंने बोला, खालीच करा ना, जिना चढू नका. म्हणे, ही खूण वरूनच देत असतेत. म्युझिकही लावू देलं नाही. म्हणे, ज्याच्यासाठी आहे त्याले आवाज लागत नाही.'

ती पुढं म्हणाली, 'पहिले ते घाम पुसतात ना, वो मैं काटने वाली थी. अच्छा नहीं लग रहा था. आबाजी म्हणाले, कापू नको. त्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, वामनले समजन.'

'अजून काय म्हणाला?'

'खाली उतरले, पाणी प्यायले और बोले, इतके दिवस तो खूण दे आणि मी जात होतो. आता मी देली. आता तो येईन.'

दशरथ, मी तिथंच बसून पुन्हा लावला, पुन्हा लावला. आणि आता ऐक, माझा संशय अजून गेला नाही. तू घाम पुसणं वेगळं आणि खूण वेगळी दाखवली, म्हणजे त्या दिवशी मी फक्त घाम पुसला होता, हे तू मान्य केलं? की खालून पाहणाऱ्याले दोन्ही वेळा आधी रुमालच वर जाताना दिसते, हे मले दाखवून तू पुन्हा आपलंच खरं केलं? तुझ्या चेहऱ्यावरून काही समजत नाही. तो खालचा ओठ तेवढा जरासा बाहेर आहे. तू मले सोडवून गेला की अडकवून, हे मले मरेपर्यंत समजणार नाही, आणि तू हे मुद्दाम केलं असन, याबद्दल मात्र मले काही संशय नाही.

पण खुणेचा अर्थ तं एकच आहे. मॅग्नेट बंद आहे, जवळ ये. तो मी नाही वाचणार तं कोण वाचणार? पूर्ण उन्हाळा तू वर हात पसरून उभा राहिला, आणि मी खाली मोराले पाहून राहिलो होतो.

तुझ्या बोटानंतर नियमच झाला होता, खूण दिसली की खालचा माणूस एक हात वर करे, समजलं म्हणून, आणि मगच पुढं येई. मी मोबाइलसमोर हात वर केला. पल्लवी म्हणाली, ये क्या है, आजोबा? मी म्हटलं, काही नाही, तुझ्या आबाजीले उत्तर देऊन राहिलो. तिनं तोंड फिरवलं आणि चहाचे कप उचलून आत गेली.

तेरवीले वरण मीच वाढणार आहे, वहिनीले सांगून आलो. त्या म्हणाल्या, या वेळी पत्रावळीतच वाढजा. मी वाढीन नीट. फक्त सवयीनं त्या टोकाकडं पाहणं होईन, आणि तिथं कोणी बोट फिरवणारा नसन, तेव्हा माझ्या हातातली बादली थांबली तं कोणी नाव ठेवू नये.

तर दशरथ, पाह्यलं. शेवटपर्यंत पाह्यलं. आता तू वर आहे आणि मी खाली. माझी वेळ आली की खूण देशील, मी येतो. पण नीट दे बे, दोन्ही हात पसरून दे. मधातच घाम पुसू नको.